गाडीवर हायेस? मग ठेव

आमच्या गावात मोबाईलवर सगळ्यात कमी बोलणारी बाई म्हणजे गोजरबाई. तिला बोलायला आवडत नाही असं मुळीच नाही. समोर बसलात तर पेरूच्या छाटणीपासून व्याह्यांच्या भांडणापर्यंत सगळं सांगेल, चहा दोनदा होईल आणि तुमचं काम राहून जाईल. पण फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडीवर हायेस का?" समोरचा "व्हय, बोल की" म्हणाला की ही म्हणते "ठेव", आणि खरंच ठेवून देते. मग तो व्यापारी असो, जावई असो नाहीतर आमदारांचा माणूस असो.

माझं झेरॉक्सचं दुकान ऐन चौकात आहे. बापजाद्यांनी पौरोहित्य केलं, मी कागदाच्या नकला काढतो आणि उरलेल्या वेळात रस्ता बघतो. त्यामुळे गावातल्या माना कुठल्या कुठल्या कोनात वाकतात हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. कुणी मोबाईल खांद्यात दाबलेला, कुणी डोक्याच्या टॉवेलात खोचलेला, कुणी स्कार्फमध्ये बांधून टाकलेला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला तर आधीच टेपचा आवाज, त्यामुळे तो फोनवर असा ओरडतो की फोनशिवायही पलीकडे ऐकू जावं. आणि या सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "गाडीवर हाय, बोल."

या वाक्याचा मला भारी राग आहे. गाडीवर आहेस तर बोल कशाला? म्हणजे हा पठ्ठ्या स्वतःच सांगतो की आत्ता बोलण्यासारखी परिस्थिती नाही, आणि त्याच दमात बोलायचं आमंत्रणही देतो. आणि पलीकडचा काय करतो? तो बोलतो! अख्ख्या तालुक्यात "गाडीवर हाय" याचा अर्थ ज्या एका माणसाला कळला, ती ही सातवी शिकलेली पेरूवाली बाई.

गाव तिला ठेवमावशी म्हणतं. आधी चिडवायला म्हणायचे, आता तेच नाव पडलं. शेजारच्या गावात नवी पतसंस्था निघाली, तेव्हा तिथला एक हौशी माणूस ठेवमावशींचं घर विचारत आला. बाईंची मोठी ठेव असणार, अशी त्याची समजूत. गोजरबाईने त्याला पेरू कापून दिला, तिखट-मीठ लावून दिलं, आणि तो जायला निघाल्यावर एवढंच विचारलं, "आता गाडीवर फोन तर न्हाई ना उचलनार?" बिचारा रिकाम्या हाताने, पण तोंडाला चव घेऊन गेला.

यामागे काय आहे ते गावाला ठाऊक आहे, कारण तिनेच ते कधी लपवलं नाही. तिचे यजमान आदिनाथराव बेलापूरच्या बाजारातून मोटरसायकलवर येत होते. हिने फोन लावला. पेरूच्या क्रेटला बांधायची सुतळी संपली होती. "गाडीवर हाय," ते म्हणाले. "येवढंच सांगा, जाड घेतली का बारीक?" हिने विचारलं. त्यांनी "जाड" म्हणायला तोंड उघडलं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गाडी गेली. जीव वाचला. उजवा पाय मात्र तेव्हापासून ओढत चालतात.

दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण ट्रॉलीवाल्याला शिव्या द्यायचा. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, रस्ता काय त्याच्या बापाचा आहे का! गोजरबाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ट्रॉली उभी हुती हे खरं. पन त्यांच्या कानात मी हुते." मग पलंगावरून आदिनाथराव खेकसायचे, "अगं पन उचलला मीच ना?" चूक दुसऱ्याची म्हणून भांडणारी नवराबायको मी रोज बघतो. चूक माझीच म्हणून भांडणारं हे एकच जोडपं पाहिलं.

रडून मोकळी होणारी बाई असती तर गोष्ट तिथेच संपली असती. हिने मात्र त्या दिवसापासून ठेवायला सुरुवात केली. बहीण रुसली, "आमचा फोन आपटते" म्हणून वर्षभर आली नाही. व्यापारी वैतागले. हिने आपल्या कामाची पद्धतच बदलून टाकली. माल भरून झाला की ती ड्रायव्हरला उलट्या क्रेटवर बसवते, हातात चहा देते आणि म्हणते, "आता बायकोला लाव, शेठला लाव, ज्याला लावायचा त्याला लाव. सगळं बोलून घे, मग चावी देते." चावी खरंच तिच्या कमरेला असते. भले भले मिशीवाले ड्रायव्हर तिच्या अंगणात निमूट बसून फोन उरकताना मी पाहिलेत.

पण एका अंगणाने तालुका सुधारत नाही. परवाच्या हिवाळ्यात गोरक्षनाथ नावाच्या आमच्या पिकअपवाल्याची गाडी चौकातून सरळ पाटाच्या चारीत उतरली. गोरक्ष मेहनती पोरगा आहे, दारूला शिवत नाही, फक्त व्यापाऱ्याशी बोलत होता. वाटेत बनुबाई बोरं विकायला बसलेली होती. म्हातारी वाचली, पाटी चेपली, बोरं रस्ताभर झाली. गोरक्ष धावत आला आणि विचारू लागला, "लागलं का आजी?" बनुबाई ती हकिकत सांगताना इथे हमखास थांबते आणि कपाळावर हात मारते, "तेबी फोन कानालाच लावून इचारलं मेल्यानं!"

त्यावरून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटली, आणि मारुतीच्या मंडपात गाव बसलं. सरपंच विजयमालाताईंनी ठराव मांडला की गावच्या हद्दीत गाडी चालवताना कुणी फोनवर बोलू नये, बोलल्यास ग्रामपंचायत कारवाई करेल.

झालं, गलका उठला. एक म्हणाला, कायदा आधीच आहे, सरकारला पाळता येईना तो आपण काय पाळणार? दुसरा म्हणाला, कानात ती फोनची बोंडं घातली तर चालतील का? वस्तीवर राहणारे तावातावाने उठले. घरात रेंज येत नाही, शेतात येत नाही, ती येते फक्त डांबरी रस्त्यावर, मग फोन रस्त्यावर नाही करायचा तर काय विहिरीत उतरून करायचा? मला हसू आवरेना, पण त्यांचंही खोटं नव्हतं.

शेवटी गोरक्ष उभा राहिला. तोंड उतरलेलं होतं, पण आवाज चढा होता. "माजी चूक हाय, मी आजीला पाटी नवी घेऊन दिली. पन व्यापाऱ्याचा फोन उचलला न्हाई तर तो दुसऱ्याची गाडी लावतो. सारखा लावतो, सारखा लावतो. तुमी माजा फोन बंद करताल. मला करनाऱ्याचा कोन बंद करनार?"

आणि बायकांच्या बाजूने गोजरबाई उठली.

त्या दिवशी ती सभेला येईल असं मला वाटलं नव्हतं. तिची लेक मोनिका राहुरीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं सासरी. पण दिवस भरायच्या आधीच पोटात दुखू लागलं आणि पहाटे तिला दवाखान्यात हलवलं. रक्त लागलं तर असावं म्हणून तिचा धाकटा भाऊ हर्षल मोटरसायकल काढून गेला होता. जावयाचा फोन चार्जिंग संपून बंद, त्यामुळे काय ते कळणार हर्षलकडूनच. "घरी बसून फोनकडं बघत बसले तर येडी व्हईन," असं म्हणून ती मंडपात येऊन बसली होती. मोबाईल मुठीत, आणि मूठ पदरात.

"गोरक्ष बरोबर बोलला," ती म्हणाली. "गाडी चालवनाऱ्याला समदे धरत्यात. मी म्हनते, फोन करनाऱ्याला धरा. समोरचा गाडीवर हाय म्हनला की त्यानं ठेवायचा. ठराव करायचा तर असा करा."

काही जण हसले. विजयमालाताई समजुतीने म्हणाल्या, "मावशी, ते कोण तपासणार? आणि तातडीचं काम असलं तर? सांगणं सोपं आहे हो. जीव टांगणीला लागलेला असताना कुणाच्यानं ठेववत नाही."

ताईंचं बोलणं चूक नव्हतं. मीही मनात हेच म्हणत होतो. गोजरबाई काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला.

तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर लावते. त्यामुळे अख्ख्या मंडपाने ऐकलं. आधी वाऱ्याचा फरफराट, मग हॉर्न, मग हर्षलचा धापा टाकणारा आवाज, "आई! आयक, मोनिकाताईला..."

"गाडीवर हायेस का?"

"व्हय, पन आयक ना, ताईला..."

"ठेव. गाडी उभी कर, मग लाव."

आणि तिने फोन बंद केला.

मग सगळे एकदमच बोलू लागले. "अहो, ऐकायचं तरी!" "एका शब्दाचं काम हुतं!" बनुबाईने तोंडाला पदर लावला. सगळ्यात मोठा आवाज गोरक्षचा. खिशातून मोबाईल काढून तो म्हणत होता, "मावशी, लावा परत! न्हाईतर मी लावतो, माज्याकडं नंबर हाय त्याचा."

"लावू नको," गोजरबाई म्हणाली. "माज्या एका लेकराचं काय झालं ते ऐकायला दुसऱ्याला रस्त्यावर घालू का?"

आवाज स्थिर होता. मोबाईल मात्र तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. ताईला काय? ताई बरी आहे, की ताईला मोठ्या दवाखान्यात हलवलं, की ताई गेली? त्या अर्ध्या वाक्यात काहीही मावत होतं, आणि ती बाई ते सगळं एकटी धरून उभी होती.

पुरुषांच्या बाजूने आदिनाथराव उठले. पाय ओढत मंडप ओलांडून तिच्याजवळ गेले. ते मोनिकाचे बाप. त्यांच्या हातात स्वतःचा फोन होता आणि बोट बटणावर. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले, मग फोन सदऱ्याच्या खिशात टाकून तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. सगळ्यांसमोर बायकोच्या शेजारी बसायची आमच्याकडे पद्धत नाही.

फोन लगेच वाजेल असं आम्हाला वाटलं होतं. वाजला नाही. कुणीतरी जिलबीचं ताट पुढे सरकवलं, कुणी घेतली नाही. ठराव, हद्द, कारवाई सगळं विसरून गाव त्या एका काळ्या डबड्याकडे बघत बसलं होतं. माझं सांगतो, तो फोन माझ्या हातात असता तर मी ऐकलं असतं. पूर्ण ऐकलं असतं, वर दहा प्रश्न विचारले असते, आणि तिकडे पोरगं एका हाताने गाडी चालवत मला उत्तरं देत राहिलं असतं. त्या मंडपातल्या प्रत्येकाने तेच केलं असतं, आणि ते प्रत्येकाला कळत होतं.

वाजला एकदाचा. गोजरबाईने उचलला आणि विचारलं, "उभी हाय का गाडी?"

"हाय बाई, उभी हाय!" हर्षल वैतागून म्हणाला. "फॅक्टरीच्या उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली हुती, थांबायला जागा तर पायजे! आता पंपावर हाय."

"मग बोल."

"ताई बरी हाय. रक्त लागलं न्हाई. मुलगी झाली आई. लई बारीक हाय, काचेच्या पेटीत ठेवलीय, पन रडती लई जोरात. मी पेढे आनायला निघाल्तो, दम निघाना म्हून रस्त्यातनंच लावला."

गोजरबाई मटकन खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. मंडपात कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले, बनुबाईने तिथूनच हवेत कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. हर्षल पलीकडून ओरडत होता, "आई, निघू का? दवाखान्यात पोचल्यावर लावतो." ती नाक पुसत म्हणाली, "निघ. हळू जा."

विजयमालाताई उठल्या आणि ठरावाचं वाक्य बदलून वाचलं. समोरचा वाहनावर असल्याचं कळताच फोन करणाऱ्याने तो बंद करावा. हात वर करा म्हणायच्या आधीच हात वर गेले होते. सगळ्यांच्या आधी गेला तो गोरक्षचा, हे मी पाहिलं. या ठरावाला कायद्यात किती किंमत आहे, विचारू नका. गावात किती लोक पाळतात ते मी चौकातून बघतोच आहे. पूर्वीपेक्षा माना सरळ दिसतात, एवढं खरं.

सभा संपली असं म्हणायला हरकत नव्हती. पण आदिनाथरावांना राहवेना. काचेच्या पेटीतली नात, तिचं वजन किती, डॉक्टर काय म्हणाले, मोनिकाच्या पोटात काही गेलं का, यातलं काहीच विचारायचं सुचलं नव्हतं. त्यांनी हळूच खिशातून मोबाईल काढला आणि हर्षलचा नंबर शोधू लागले.

"दादा," गोरक्ष त्यांच्यापाशी बसत म्हणाला, "पोरगं आता रस्त्यात असल. पोचू द्या."

आदिनाथरावांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि मोबाईल उलटा करून सतरंजीवर ठेवला. मग कुणी घरी गेलंच नाही. नातीचं वजन कळायची वाट बघत आम्ही सगळे मारुतीच्या मंडपात बसून राहिलो.