ब्रह्मदेशातली आमची विहीर

आम्ही गल्लीतल्या अकरा जणांनी प्रत्येकी दहा, असे एकशे दहा शेअर एका लहानशा तेल-कंपनीचे घेतले होते. कंपनी मुंबईची, जमीन ब्रह्मदेशात, आणि बोअर अजून खाली चाललेला. अकरा अर्ज कोण भरणार, म्हणून सगळे शेअर माझ्या एकट्याच्या नावावर घेतले. मी गिरणीत कारकून, इंग्रजीत सही करणारा. एवढीच माझी पात्रता. भिशीचे पैसे जसे एकाकडे राहतात, तसेच हे राहतील असे सगळ्यांना वाटले. ती चूक होती, आणि ती मी होऊ दिली.

तिसऱ्या वर्षी पत्र आले. शेजारच्या जमिनीत बोअर मारणारी दुसरी कंपनी आमची कंपनी घ्यायला निघाली होती. आमच्या चार शेअरांना त्यांचा एक. त्यांनी लिहिले होते: तुमचा बोअर बावीसशे फूट जाऊनही कोरडा, शिल्लक संपत आलेली, तेव्हा महिनाअखेर संमती द्यावी. नाही दिली, तर बोअर चालवायला तुमच्याच कंपनीत दर शेअरमागे आणखी दोन रुपये भरावे लागतील. म्हणजे माणशी वीस. माझा निम्मा पगार.

मी त्या दुसऱ्या कंपनीचा अहवाल मागवला आणि दोन रविवार त्यावर बसलो. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात सापडले: हद्दीपलीकडच्या त्यांच्या बोअरला पंचवीसशे फुटांवर तेल लागले होते. तारीखही होती. आम्हाला पत्र आले ते त्यानंतर तीन आठवड्यांनी.

मग मुंबईहून त्यांचा दलाल आला. आमच्या ओसरीवर सगळे भागीदार जमले होते. मी ते पान त्याच्यापुढे धरले.

"तेल कुठे लागेल हे फुटपट्टीने ठरत नाही, रावसाहेब," तो हसून म्हणाला.

आमच्यात वळसंगचा एक विहिरी खोदणारा गुत्तेदार होता. त्याने सुपारी गालात सारली. "शेजारच्या हिरीला पानी लागलं, अन् त्यो आपली अर्दी हीर इकत मागतूय. कशाला वो? बुजवायला?"

"आणि तुमची कोरडी निघाली तर?"

"निगंल की! खडकाचा उतार तिकडं असला तर ठणठणीत कोरडी निगंल. मी कुटं न्हाय म्हनतो? पर तळ बगायच्या आदी हीर इकत न्हाय आमी."

सगळे हसले. आमच्यातला एक सुताचा व्यापारी तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "भाऊ, वैशाखात मुलीचं लग्न आहे. त्यांचे शेअर बाजारात विकले तरी जातील, आपले कोण घेतो? तुमची हिंमत तुमच्या दहा शेअरांवर दाखवा, माझ्या नको." आणखी दोघांनी माना हलवल्या. तो खरे बोलत होता.

दलालाने हे हेरले. मला अंगणात नेऊन म्हणाला, "कागदावर नाव तुमचं एकट्याचं. एकशे दहावर सही करा. तुमचे दहा मी रोखीनं, दुप्पट भावानं घेतो. बाकीच्यांना कळायचं कारण नाही."

मी ओसरीवर परत आलो आणि हे सगळ्यांना त्याच्याच शब्दांत सांगितले.

"लई माया की वो तुमची भाऊंवर!" गुत्तेदार त्याला म्हणाला.

मग त्या तिघांच्या तीस शेअरांच्या संमतीवर मी सही केली. उरलेल्या ऐंशींचा कागद कोरा परत दिला.

"तीस घेऊन मी काय करू?" दलाल भडकला. "पुढे चुलीत घालाल हे शेअर!"

बायको आतून म्हणाली, "चुलीपुरत्या गोवऱ्या आहेत म्हणावं आमच्याकडं. चहा झालाय, तेवढा घेऊन जा." तिसांचा कागद मात्र त्याने खिशात घातला.

दुसऱ्याच दिवशी ऐंशी शेअर आठ जणांच्या नावांवर करण्याचा अर्ज टाकला, आणि एकशे साठ रुपये पाठवले. दोन महिने घरात साखर बेताने आली.

बोअर सत्तावीसशे फुटांवर गेला, खारे पाणी लागले आणि कंपनी बंद झाली. व्यापाऱ्याने मला एकदाही डिवचले नाही. इतरांनी पुष्कळ डिवचले. त्यांना मी एवढेच सांगतो, की तेल असेल म्हणून त्यांना जमीन हवी होती, आणि तेल नाही म्हणून आम्ही ती सोडावी असे ते आम्हाला लिहीत होते. माझा अंदाज चुकला, पैसे गेले, मान्य. तसल्या कागदावर उद्या पुन्हा सही मागितली, तरी मी देणार नाही.