दोनशे तेरावर तुटलेला दोरा

आधी माझी चूक. बाकीच्यांच्या नंतर.

नाशिकमधलं एक सभागृह. माझ्या दुसऱ्या पुस्तकखेळाचं, म्हणजे वाचणाऱ्याने वाट निवडत जायच्या पुस्तकाचं, प्रकाशन. कार्यक्रमाला अर्धा तास होता. मी नवा झब्बा घालून दारात उभा. शेजारी कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रकाशकाने बोलावलेले. शहरातले सगळे लिहिणारे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. एका ग्रंथमालेचे ते संपादक. कोणाचं छापायचं आणि कोणाचं नाही, हे ते ठरवतात.

तेवढ्यात माझी ताई आली. एकलहऱ्याहून दोन रिक्षा बदलून. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला शेवंतीचा हार. माझ्यासाठी तिने स्वतः ओवलेला. बोटांची टोकं हिरवी झालेली, पदर कमरेला खोचलेला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो बाई, इकडून नाही. हार टेबलावर ठेवा आणि मागच्या दाराने जा. पाहुणे यायचेत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आता हा सांगेल, अशा नजरेने.

सरांनी मला विचारलं, "तुमच्या ओळखीच्या का?"

मी म्हणालो, "आमच्याकडे फुलं देतात."

तीन शब्द. ताईने हार टेबलावर ठेवला. पान उलगडून, नीट. मग मागच्या दाराने गेली.

तासाभराने तोच हार सरांनी माझ्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला.

ही माझी चूक. ती भीतीने झाली, घाईत सुचलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं होतं. मला तिची लाज वाटली होती.

ते शब्द माझ्या तोंडात कुठून आले, तेही सांगतो.

आमची एकलहऱ्याजवळ फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडी निशिगंधाची लागवड. बांधावर उभं राहिलं की वीज केंद्राचे ते प्रचंड मनोरे दिसतात, ज्यांतून पांढरी वाफ निघते. मी लहान असताना ताई सांगायची, "ते राक्षसाचे रांजण हायेत. ढग तिथं शिजतात." माझ्या आयुष्यातली पहिली अद्भुत कथा ती. पुढे मी त्या कथेवर अख्खी कादंबरी लिहिली. घरात एकालाच शिकवणं जमणार होतं. ताईची शाळा सातवीला सुटली. मी बी.ए. झालो. नाशिक रोडला एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात राक्षसांवर लिहू लागलो.

सव्वीस वर्षांचा असताना ती कादंबरी घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांनी पहिल्या पानावरचा पत्ता वाचला. कादंबरी वाचली नाही.

"शेती करता?"

"हो. फुलांची."

"असं बघा," सर म्हणाले, "मातीतल्या माणसाने मातीचं लिहावं. तुमचे हाल लिहा, तुमचा अपमान लिहा. रडू येईल असं लिहा, मी उद्या छापतो. हे राक्षस, उडते किल्ले तुमच्या तोंडी शोभत नाहीत. कल्पना करायला थोडी फुरसत लागते हो, पिढ्यान्‌पिढ्यांची."

मी मान डोलावली. हो, डोलावली. निघताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी येताना थोडी शेवंती आणा. घरी गणपती असतो."

मी आणली. पुढची अकरा वर्षं आणली. दर गणपतीला सायकलवर, मग मोटारसायकलवर टोपली बांधून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. कधीतरी छापतील म्हणून. दर वेळी सरांच्या पत्नी आत वळून सांगायच्या, "अहो, ते आपल्याकडे फुलं देतात ते आलेत."

ते वाक्य माझ्यात असं मुरलं. बाहेर आलं तेव्हा ताईवर पडलं.

कादंबऱ्या शेवटी दुसऱ्या एका लहान प्रकाशकाने छापल्या. पाच. मुलांनी त्या फाटेपर्यंत वाचल्या. मग मी पुस्तकखेळ लिहायला लागलो. यात वाचणारा स्वतःच नायक असतो. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. शेवटी वाट निवडायची: पूल ओलांडायचा असेल तर ८८ वर जा, नदीत उतरायचं असेल तर १४० वर जा. काही वाटा सुटकेकडे जातात, पुष्कळशा मरणाकडे. चारशे परिच्छेद असतात आणि ते मुद्दाम उलटसुलट लावलेले असतात. एक क्रमांक चुकला तर वाचणारा भलत्याच गुहेत निघतो, किंवा एकाच जागी गोल फिरत राहतो.

हे सगळं माझ्या डोक्यात मावत नव्हतं. ताईने ते दोऱ्यावर बसवून दाखवलं. फुलं ओवायच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जमिनीवर दोरा अंथरायची. प्रत्येक परिच्छेदाची चिठ्ठी सुईने दोऱ्यात ओवायची. वाट फुटली की दुसरा दोरा गाठ मारून जोडायचा. मरणाच्या टोकाला झेंडू, सुटकेच्या टोकाला शेवंती. मग चपला काढून, वाकून, दोऱ्यावरून बोट फिरवत ती पूर्ण पुस्तक चालायची. एकेक वाट. चुकलेली गाठ तिच्या बोटाला लागायची. माझ्या एकाही पुस्तकात आजवर वाचणारा अडकला नाही, ते तिच्यामुळे.

त्या कार्यक्रमात सरांनी माईकवर विचारलं होतं, "एवढा गुंता सांभाळता कसा?" मी सांगितलं होतं, "कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम आहे." ही माझी दुसरी चूक. त्याच दिवसाची.

ताई त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, विसरली. मी मात्र सरांना विसरलो नव्हतो. तिसऱ्या पुस्तकात मी त्यांना घातलं. एका किल्ल्याचा दारपाल. कोण पुढच्या दाराने येणार आणि कोण मागच्या, हे ठरवणारा. चष्मा कपाळावर. बोलण्याआधी "असं बघा". मी त्याला सात वाटांवर सात तऱ्हांनी मारलं. एकीवर दगडाचा केला, एकीवर त्याच्याच दाराखाली चिरडला. लिहिताना मला फार आनंद झाला. सांगायला लाज वाटत नाही. अकरा गणपतींचा राग होता तो.

ताईने आठ दिवस दोरा ओवला. नवव्या दिवशी मला शेडमध्ये बोलावलं.

"सात येळा मारलास त्याला," ती म्हणाली. "लय बेस मारलास. तो चिरडतो ना, तिथं मी दोनदा गेले."

मी हसलो. ती हसली नाही. वाकून एक दोरा उचलला.

"हे दोनशे तेरा. दारात फूलवाली येती. दारपाल तिला मागच्या दारानं हाकलतो. तिच्या बाजूला एक लेखनिक उभा हाय. बरोबर?"

"हो."

"तो कुठल्याच वाटेवर तोंड उघडत नाय. आणि दोनशे तेराच्या पुढं तू आकडाच नाय लिहिला. दोरा इथंच तुटतो. बाकी चारशेत एक चूक नाय तुझी. हीच कशी झाली रे, भाऊ?"

मी दोनशे तेरा पाहिला. खरंच पुढे क्रमांक नव्हता. लिहायचा राहिला होता. दारपालाला मारायच्या सात वाटा मला सुचल्या होत्या. त्या लेखनिकाला बोलता करायची एकही नाही.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

तिने हात वर केला. "इथं नाय. हॉलच्या दारात, परक्यापुढं बोललास आणि माफी शेडमधी मागतो? इथं कोन हाय ऐकाया, झेंडू?"

मग दोनशे तेराची चिठ्ठी दोऱ्यातून काढून माझ्या हातात दिली. "ज्या दारात बोललास, त्या दारात बोल. तवर मी तुझं पुस्तक ओवनार नाय. हेबी नाय आणि पुढचंबी नाय."

दोरा तिने गुंडाळून टाकला. सगळा. बाकीच्या चिठ्ठ्या एका टोपलीत.

लेखनिकाला बोलता करून मी तो परिच्छेद पुरा केला आणि पुस्तक छापायला दिलं. प्रकाशनासाठी तेच सभागृह मागितलं. अध्यक्ष म्हणून सरांनाच बोलवा, असा हट्ट मीच धरला. प्रकाशकाला वाटलं, मी जुनं विसरलो. मला सर त्या खुर्चीत हवे होते. समोर. उठून जाता येणार नाही असे.

ताईला आणायला मी स्वतः गेलो. पुढच्या दाराने आत आणलं. चपलांसकट. पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी पाहिलं, ओळखलं नाही. फूलवालीचा चेहरा कोण लक्षात ठेवतो.

हार घालायला सर पुढे आले. मी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, सर. तुमच्या हातून नको."

सर हसले. "असं बघा, हे व्यासपीठ आहे..."

"बसा. अकरा वर्षं मी तुमच्या मागच्या दारात उभा होतो. आज तुम्ही बसून ऐका."

ते बसले. चष्मा कपाळावरून खाली आला. तो क्षण मी आजही चवीने आठवतो. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही. जोवर लिहितोय, तोवर त्यांचा दारपाल माझ्या पुस्तकांत मरत राहील, आणि माझ्या प्रत्येक पुस्तकावर माझ्या नावाशेजारी, तेवढ्याच अक्षरांत, ताईचं नाव असेल. आमच्यासारख्यांनी काय लिहावं हे सांगायला पुन्हा कोणी आलं, तर त्यालाही मी किल्ल्यात कोंडीन.

पण त्या दिवशी त्यांची पाळी नंतर होती. आधी माझी.

मी माईक घेतला आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. मदत करत नव्हती.

"ही माझी सख्खी बहीण. हिने शाळा सोडली म्हणून मी शिकलो. माझ्या पुस्तकातल्या सगळ्या वाटा हिने ओवल्यात, कुठल्या प्रोग्रामने नाही. मागच्या वेळी याच हॉलच्या दारात मला विचारलं, ओळखीच्या का. मी म्हणालो, आमच्याकडे फुलं देतात. ताई, मी तुला ओळख दिली नाही. मला तुझी लाज वाटली. माझं चुकलं."