अस्सल नीलम, पुरावा घरचा

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा आधी घशाखाली उतरवा. नाहीतर ठसका लागायचा आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटायचं. या खापरावरूनच तर सगळं रामायण घडलं!

भिवंडीतल्या नारपोलीत तेव्हा माझे कापड विणायचे दोनच लूम उरले होते. तेही बंद. लोडशेडिंग संपून लाइट आली ती अशी दणक्यात आली, की दोन्ही मोटरी जळाल्या. बायको, वनिता, शेजारच्या कारखान्यासाठी धाग्याच्या कांड्या भरायची, त्यावर घर चालायचं. मोटरी दुरुस्त झाल्या नाहीत तर लूम भंगारात जाणार, हे उघड होतं. भंगारवाला येता-जाता माझी तब्येत विचारायला लागला होता. इतकी माया सख्ख्या भावाने केली नाही हो!

घरात विकण्याजोगं एकच होतं. आजोबांची नीलमाची अंगठी. लग्नात बाबांनी ती माझ्या बोटात घातली आणि तिथून जी साडेसाती लागली! वडपे गावची वडिलोपार्जित जमीन मी लूमसाठी विकली आणि पाठोपाठ तिथे गोदामं उभी राहून भाव आभाळाला भिडला. भाऊ त्या दिवसापासून बोलत नाही. मग एका व्यापाऱ्याला उधारीवर कापड दिलं, तो दुकानाच्या पाटीसकट गायब! नीलम मानवला नाही तर घराचं वाटोळं करतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

बाबा जाताना माझा हात धरून म्हणाले, "तुजा दोष न्हाय. त्या खड्याचा हाय. काढून ठेव."

त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होतो. खोटं कशाला बोलू?

तर अंगठी घेऊन गेलो सलीमभाईच्या सायबर कॅफेत. तेव्हा जुन्या वस्तू नेटवर विकायची नवीच टूम निघाली होती. सलीमभाईने फोटो चढवला. लगेच कुणीतरी विचारलं, खडा खरा कशावरून? सर्टिफिकेट आहे?

"सर्टिफिकेट किधर है, भाईजान?"

"आख्खी भिवंडी साक्षीला आहे. मी सांगतो, तुम्ही टाइप करा!"

आणि मी सांगत सुटलो. जमीन गेली. भाऊ तुटला. व्यापारी पळाला. मोटरी जळाल्या. अंगठी घातल्यापासून एकही काम धड झालेलं नाही, खात्री करून घ्यावी. सलीमभाईचे हात थांबले.

"अरे भाई, माल बेच रहे हो या बद्दुआ?"

"अहो, खऱ्या नीलमाची खूणच ती!"

आता तुम्हीच सांगा, अशी वस्तू कोण घेईल? पण आला की हो फोन! डोंबिवलीचे एक गृहस्थ.

"ते जमिनीचं खरं आहे ना?"

"शंभर टक्के."

"आणि तो व्यापारी?"

"अजून सापडलेला नाही."

"वा! वा!" गृहस्थ खूश झाले. "मेहुण्याच्या साठीला भेट द्यायचीय. बायकोच्या हिश्श्यावरून कोर्टकचेरी चालू आहे आमची."

वनिता कांड्या भरता भरता ऐकत होती. "दुसऱ्याच्या घरात निखारा टाकताव. पाप लागंल."

"मग लूम टाकू भंगारात?"

तिने पुढची कांडी लावली. मी तिच्या बोटांकडे बघितलं, धाग्याने कापून कापून काळी पडलेली. म्हटलं, लागू दे पाप.

गृहस्थ स्वतः आले आणि रोख पैसे देऊन अंगठी घेऊन गेले. तीसुद्धा रुमालात धरून, बोट न लावता! मी मोटरींत नवी तार भरून आणली. लूम पुन्हा खडखडायला लागले. किती दिवसांनी त्या आवाजात डोळा लागला माझा. वाटलं, सुटलो बुवा त्या खड्याच्या तावडीतून!

कसला सुटतोय? दोन-तीन महिन्यांत पुन्हा फोन.

"फसवलंत तुम्ही मला!"

"काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? मेहुण्याची शुगर उतरली! रखडलेलं मुलीचं लग्न जमलं! कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागला! मला संशय आला. बायकोला सांगून अंगठी मागवली आणि लॅबमध्ये दाखवली. काच आहे, काच! निळी काच!"

एवढ्या मोठ्याने ओरडत होते, की लूमच्या खडखडाटातही वनिताला ऐकू गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काच? मग एवढी वर्सं आपल्या घरात पनौती व्हता कोन?"

भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघवेना. जमीन मी विकली होती. उधारी मी दिली होती. त्या काचेने बिचारीने काय केलं होतं? "तुजा दोष न्हाय" म्हणणारं माणूसही गेलं, आणि आता ते वाक्यही गेलं.

"साहेब," मी कसाबसा म्हणालो, "पैसे मोटरींत गेले. एक लूम भंगारात घालतो आणि तुमचे परत करतो."

गृहस्थ एकदम मऊ आवाजात म्हणाले, "पैसे राहू द्या हो. तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. त्यात खोटं तर काहीच नव्हतं. फक्त अंगठीचा संबंध नव्हता. असं करा ना, तुम्हीच चार दिवस मेहुण्याकडे राहायला जाता का?"

आता मी काय करणार? लूम वाचवायचे होते. मुकाट्याने पत्ता लिहून घेतला.