मशिनला हात लावू देणारा क्लास

आनंदा आज सकाळी गेला.
माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

कुपवाडच्या फाउंड्रीत आम्ही दोघं भट्टीवर होतो. साल सत्त्याण्णव. कुणी अठ्ठ्याण्णव म्हणेल तर चूक, तेव्हा तो ऑफिसात बसत होता.

भट्टीच्या धुरानं त्याला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, काम बदला. घरात नुकतीच पोरगी झालेली.

मालकांनी सांगितलं, "दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर शिक, डिस्पॅचचं टेबल देतो. न्हाईतर दुसरा माणूस बघतो."

क्लास निवडायचं काम माझ्याकडं. मी पुस्तकं वाचून स्वतः शिकलेला, कोण काय शिकवतं ते मला कळायचं. सांगली-मिरजेतला एकूण एक सिलॅबस तपासला. टायपिंग, इंग्रजी पत्रं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं, सगळं.

आणि हा बाबा प्रत्येक ठिकाणी एकच विचारणार.
"आवं मॅडम, मशिनला हात लावू देता न्हवं?"

पहिल्या क्लासात चपला बाहेर, आत एसी, कॉम्प्युटरवर कव्हर. "आधी थिअरी. हात लावू नका."
आनंदा उठून बाहेर.
दुसरीकडं तेच. तिसरीकडं याची काळी नखं बघूनच मॅडमनी कव्हर खाली ओढलं.
उठून बाहेर.

"अरं, सर्टिफिकेट तरी बघ की."
"तू बघ. मला काम करायचं हाय."

शेवटी विश्रामबागेतल्या एका गाळ्यात सर नुसतं "बसा" म्हणाले. यानं एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि तिथंच नाव घातलं. सिलॅबस चार ओळींचा, त्यात दोन स्पेलिंग चुकलेली.
मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

दिवाळीआधी टेबल मिळालं. रिटायर त्याच टेबलावरून होणार होता.

परवा त्याच पोरीनं, तेजूनं, मला लिंका पाठवल्या. ऑनलाइन कोर्स. ऑफिसचा ईमेल कसा लिहावा, व्हिडिओ मीटिंगमध्ये कसं बोलावं.
"काका, कुठला करू? पप्पा म्हणाले, तुम्हाला विचार, तुम्ही बारीक बघता."

बघितलं बारीक. सगळीकडं नुसते व्हिडिओ आणि शेवटी सर्टिफिकेट. एकातच दर आठवड्याला स्वतः लिहायचं, स्वतः बोलायचं, आणि कुणीतरी चुका दाखवणार. सिलॅबस सगळ्यात भिकार.
वैतागून लिहिलं, हाच कर.

आज सकाळी आयसीयूच्या दारात चपला काढल्या. आत एसी, भोवती मशिनं. त्याचा हात धरायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "हात लावू नका."

असल्या ठिकाणी हा गडी कधी थांबलाय?

जा आनंदा. तेजूच्या कोर्सकडं मी बघतो.