ग्रॅफाइटची गाठ

वर्ना लाक्सो आमच्या कारखान्यात नायलॉनमध्ये ग्रॅफाइट मिसळायच्या मशीनवर होती. कितीही साबण लावला तरी तिच्या नखांच्या कडा राखाडीच. सुपीरिअर सरोवराच्या या काठाला हिवाळाभर गाडीपेक्षा बर्फावरची स्कूटर, म्हणजे स्नोमोबाइलच जास्त पळते. तिच्या पुढच्या घसरत्या फळ्या, म्हणजे स्की, धरणारे दांडे आता आमच्या प्लास्टिकचे करायचे ठरले होते. ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे सुटे होऊन सगळीकडे सारखे पसरले, की साधं नायलॉन कणखर होतं. कुठे गाठ राहिली तर मात्र तिथूनच तुटतं.

पहिले दांडे बसवून गोठलेल्या सरोवरावर चाचणीला गेला तो वर्नाचा नवरा, रुडी. तो गेल्यावर तिनं त्याच मिश्रणाची, तपासणीसाठी ओतलेली, उरलेली पट्टी सवयीनं मोडली. तुटल्या जागी एक चकचकीत ठिपका दिसला. ती तशीच आमच्या इंजिनिअरबाईंकडे, कॉलीनकडे गेली.

कॉलीननं भिंग लावलं. "गाठ आहे खरी. पण बाकीच्या पट्ट्या पास झाल्यात, वर्ना."

"त्या इथे उबेत पास झाल्यात. तो थंडीत दगडासारख्या बर्फावर दांडे आपटतोय."

कॉलीननं लगेच रुडीला फोन लावला. लागेना. सरोवरावर तो कधीच लागत नाही.

मी वर्नाला माझ्या गाडीतून काठावर नेलं. समोर नुसतं पांढरं. लांबून इंजिनाचा आवाज आला की ती पुढे सरसावायची. दुसराच कुणीतरी निघायचा. मी वेलचीचा पाव पुढे केला.

"खा थोडं."

"घशाखाली उतरत नाहीये. सकाळी मी त्याला शेवटचं काय म्हणाले ठाऊक आहे? जाताना कचरा टाकून जा."

"मग टाकला का?"

"नाही टाकला मेल्यानं." ती हसली आणि पुन्हा समोरच्या पांढऱ्याकडे वळली.

ऊन उतरताना रुडी आला, तोही भरधाव. वर्ना दोन्ही हात पसरून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"काय गं, सगळी फौज कशी इथे?"

"उतर."

"अजून एक फेरी राहिलीय."

"रुडी, उतर म्हणते ना."

तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नसावा. इंजिन बंद करून उतरला.

दुसऱ्या दिवशी कॉलीननं दांडे करवतीनं कापवले. एक स्वच्छ निघाला. दुसऱ्यात, बोल्टच्या भोकाशेजारी, मोहरीएवढी गाठ होती आणि तिच्यातून केसाएवढी चीर निघाली होती. रुडीनं ती चीर बोटानं चाचपली आणि स्टुलावर बसला.

त्यानंतर गाठी होऊ नयेत म्हणून ग्रॅफाइटची भुकटी मशीनमध्ये सावकाश सोडायची आणि पट्ट्या गोठवून मोडायच्या, असं कॉलीन आणि वर्नानं मिळून ठरवलं. नवे दांडे टिकलेत. पण रुडी सरोवरावर गेला की वर्नाला घर खायला उठतं. ती माझ्या बायकोकडे येऊन मोजे विणत बसते. विणते थोडं, उसवतेच जास्त.