तीस दिवसांची भीती

ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचे ठरवले, तो शुक्रवार होता. दुबईत सकाळचे साडेआठ वाजले होते. माझ्या नवऱ्याचा ब्रिटनहून फोन आला आणि तो म्हणाला, "तुम्ही आत्ता येऊ नका."

तुम्ही म्हणजे मी आणि आमची मुलगी. ती बारावीत होती. मार्चमध्ये तिची परीक्षा संपली की अल मनखूलमधले घर सोडून आम्ही त्याच्याकडे राहायला जाणार होतो. सात वर्षे आम्ही त्या मार्चची वाट पाहत होतो.

सात वर्षांपूर्वी, मंदीत, मरीनामधल्या ज्या टॉवरवर तो इंजिनिअर होता, त्याचे काम बाविसाव्या मजल्यावर थांबले. इथे नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो आणि तीस दिवसांत देश सोडावा लागतो. आमच्या इमारतीतली चार कुटुंबे एका महिन्यात गेली. एकांनी जाताना माशांची टाकी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली आणि कोणत्या माशाला किती खाणे घालायचे ते मला दोनदा समजावून सांगितले. त्याच सुमारास अमिरातीने आखाती देशांच्या सामाईक चलनाच्या योजनेतून अंग काढून घेतले. पेपर वाचून हा म्हणाला होता, "चला, दिरहम तरी वाचला." मी हसले होते.

शाळेच्या ग्रंथालयातली माझी नोकरी टिकली. मुलीचा व्हिसा माझ्या नावावर झाला. नवऱ्याचा व्हिसा बायकोच्या नावावर तेव्हा सहसा होत नसे. पण त्याचे वडील पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मले होते, आणि तेवढ्या आधारावर त्यांच्या गावातली निम्मी मुले पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रिटनला गेली होती. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहता येत होते. त्यानेही काढला. त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्यावर रद्दचा शिक्का बसला त्या दिवशी तो जेवला नाही. पोर्तुगाल त्याने कधी पाहिले नाही.

ब्रिटनमध्ये तो भाजीपाल्याच्या शीतगोदामात लागला. अंगात दोन जॅकेटे घालून पेट्या मोजायचा. वर्षातून दोनदा यायचा तेव्हा इथल्या उन्हात बाल्कनीत बसून राहायचा. त्याचा घरमालक एक म्हातारा पंजाबी गृहस्थ होता. त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. युरोपातले कोणीही उठून येतात आणि माझ्या भावाच्या मुलाला मात्र तीनदा व्हिसा नाकारतात, हे त्याचे म्हणणे होते. आता सगळ्यांना एकच नियम लागेल, गोदामात पगारही वाढतील. नवऱ्याने त्याला विचारले, मग अंकल, माझे काय? म्हातारा खरोखर चकित झाला. "तू कहाँ का युरोपियन है, बेटा?"

हे मला सांगताना नवरा हसत होता. म्हाताऱ्याचे सगळेच चुकीचे नाही, असेही म्हणाला. पुढे गोदामातली पोलिश माणसे कमी झाली आणि याचा तासाचा दर खरेच वाढला. मीही ग्रंथालयात येणारे पेपर वाचत होते. आपले कायदे आपण करावेत असे एखाद्या देशाला वाटते, हे मला समजत होते. आपल्या घराचे काय होणार, एवढेच समजत नव्हते.

खरे तर मुलीला समजले होते. तिने सगळे वाचून काढले आणि त्या आठवड्यात जेवताना सांगितले की आधीपासून राहणाऱ्यांना बहुतेक राहू देतील, त्यांच्या कुटुंबालाही. मी म्हटले, नियम एका रात्रीत बदलतात, आम्ही पाहिले आहे. आपण इथला व्हिसा सोडून जायचे आणि तिथे बाबांचाच रद्द झाला तर तिघे कुठे जाणार?

"आई, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स. दिस इज नॉट दुबई."

मी तिला भात वाढला. 

आम्हा दोघांना देश म्हणजे कधीही मागे घेतली जाणारी परवानगी एवढेच माहीत होते. म्हणून आम्ही थांबलो. मार्च गेला. मुलगी पुण्याला कॉलेजात गेली. तो म्हणायचा, या वर्षी काय ते कळेल. मी म्हणायचे, इन्शाल्ला. असे तीन वेळा म्हणून झाले.

चौथ्या वर्षी गोदामातल्या एका पोलिश बाईने जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच फोनवरून, आधीपासून राहणाऱ्यांसाठी निघालेला अर्ज भरून दिला. पासपोर्टचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, राहिल्याची वर्षे. चार दिवसांत उत्तर आले. त्याला कायमचे राहता येणार होते. त्याने लगेच फोन केला. म्हणाला, "उगाच घाबरलो गं आपण. ये आता."

मी शाळेत राजीनामा दिला, मार्चअखेरचा.

जानेवारीत कामावर जाताना बस थांब्यावर तो कोसळला. हृदय बंद पडले होते.

आम्हा दोघींना व्हिसा मिळायला पंधरा दिवस लागले. तोवर त्याला तिथल्या शवागारात थांबवून ठेवले होते. मुलगी पुण्याहून आली आणि आम्ही मिळून गेलो. ब्रिटन संघातून प्रत्यक्ष बाहेर पडून दहा-बारा दिवस झाले होते. रस्त्यावर काही वेगळे दिसत नव्हते. म्हाताऱ्या घरमालकाने त्याची खोली झाडून ठेवली होती. कपाटाचा एक कप्पा रिकामा होता. तो कोणासाठी ठेवला होता हे म्हाताऱ्याने सांगायला सुरुवात केली आणि सोडून दिले. मुलीने भिंतीकडे तोंड केले. तिने मला तेव्हाही काही ऐकवले नाही आणि नंतरही नाही. ऐकवले असते तर बरे झाले असते.

शाळेने राजीनामा परत घेऊ दिला. मी अजून अल मनखूलमध्ये राहते. निवृत्तीला दोन वर्षे आहेत. मुलगी पुण्यात नोकरी करते आणि रविवारी फोन करते.