साबणानं धुतलेला दात

पडलेल्या दाताचं काय करावं, हे मी गेली बारा वर्षं कुंभकोणमच्या शाळाशाळांतून सांगत फिरते आहे. पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता उचला, मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, लगेच जागच्या जागी बसवा; नाहीच जमलं तर दुधात घाला आणि दातांच्या डॉक्टरकडे पळा. यात अवघड काय आहे? याचा तमिळ तक्ता माझ्या दवाखान्यात लावलाय. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका माझ्या नवऱ्यानंच दुरुस्त केल्या होत्या.

त्या शनिवारी तो आमच्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन तिरुविडैमरुदूरला आपल्या आईकडे गेला होता. दुपारी दोघं माझ्या दवाखान्याच्या दारात उभे. मुलीचा ओठ टम्म सुजलेला, वरचा पुढचा एक दात गायब.

"ओट्यावरून उडी मारली, पायरीवर तोंड आपटलं," नवरा म्हणाला. "घाबरू नको, दात आणलाय. अगदी स्वच्छ करून."

त्यानं खिशातून कापसाची पुडी काढली. आत दात, खडखडीत वाळलेला. साबण लावला होता, ब्रशनं मूळ घासलं होतं, वर जंतुनाशकानं पुसलंही होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो ना!

"अहो, मुळावरचा पापुद्रा म्हणजे घाण नव्हे! त्याच्याच जोरावर दात हाडात टिकतो. किती वेळ झाला?"

"दीडेक तास. आईनं बर्फ लावला, मग थोडा दहीभात भरवला. पोरीला उपाशी कशी आणायची?"

"आणि फोन?"

"तू पेशंट बघत असशील, म्हटलं."

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. समोर राहिला असता तर आणखी बोलले असते.

मुलीच्या हिरडीला भूल दिली, जागा धुतली, दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं जोडला. ती खुर्चीचे हात घट्ट धरून होती. दोन आठवड्यांत तार काढली, त्याआधी मुळातली नस काढून उपचार केला. एवढ्या उशिरानं बसवलेला दात हाडाला चिकटतो, मग हाड त्याचं मूळ हळूहळू खातं, हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तरी बसवला, वाढत्या वयात तिथलं हाड टिकायला हवं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "अगं, तांब्याभर दूध होतं की घरात. आम्हाला कधी का नाही सांगितलंस?"

मला राग आला. मग आठवून पाहिलं. शाळांत सांगितलं, रोटरीच्या जेवणातसुद्धा सांगितलं. सासूबाईंना खरंच कधी नव्हतं सांगितलं. याचा राग कुणावर काढायचा?

सहा महिन्यांनी एक्स-रेत मूळ कुरतडलं जाऊ लागलेलं दिसलं. मी मुलीला चित्र दाखवून सगळं समजावलं.

"अम्मा, किती दिवस राहील?"

"काही वर्षं. तुझी वाढ पूर्ण झाली की नवा बसवू."

"अप्पांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते अजून रोज माझा दात बघतात."

मी सांगितलं. त्याच रात्री, जेवताना. लपवून काय मिळणार होतं? तो ताटातला भात नुसता चिवडत राहिला.